बाळंतिणीच्या खोलीतला संगणक

संगणकाला ताप येतो, ही गोष्ट मला वयाच्या साठाव्या वर्षी कळली. तोवर एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली होती. पोरांचे खरे ताप कुठले आणि शाळा चुकवण्याचे कुठले, हे मी नुसत्या हाताच्या पाठीने ओळखत असे. पण यंत्राच्या कपाळाला हात लावायची पाळी आली तेव्हा मात्र गोंधळलो. यंत्राचं कपाळ नेमकं कुठे असतं, इथूनच आमची सुरुवात होती.

हे २००४ सालच्या वैशाखातलं. मालवणपासून बसने अर्ध्या तासावर, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. आमच्या कुळाच्या देवीचं देऊळ नव्याने बांधून झालं होतं आणि पौर्णिमेला कळस चढायचा होता. अशा वेळी कुळाची वंशावळ देवीपुढे मोठ्याने वाचायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. रिवाज चांगला, पण त्या वंशावळीत एकजात पुरुष. मूळ पुरुषाला तीन मुलगे, तिघांना मिळून अकरा मुलगे, अकरांना सदतीस. चौदा पिढ्या आमच्यात पुरुषांना पुरुषच होत आले असावेत, असं ऐकणाऱ्याला वाटे. आणि कोणी शंका काढत नसे.

यंदा शंका निघाली. बांद्याहून माझ्या शेवंतीआतेचं पत्र आलं. आते ब्याऐंशी वर्षांची. तिला लिहिता येत नाही, पण सांगता फार चांगलं येतं, आणि लिहिणाऱ्या नातवाने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. "कळसाक माहेरवाशिणींका बोलवतास, ओटी भरतास, जेवूक घालतास. पण वंशावळीत आमचा नाव नाय. देवीसमोर माझा नाव वाचतलात तर मी येतंय. नायतर ओटी तुमची तुमकाच ऱ्हवांदे."

पत्र देवस्थान कमिटीत वाचलं गेलं. अध्यक्ष गणपतदादा पानाला चुना लावता लावता म्हणाले, "बायकांची नावां? ती कोण जमवतलो आणि कोण लिवतलो?" तेव्हा मी उभा राहिलो. मी उभा राहिलो नसतो तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि घरात शांतता नांदली असती. पण मास्तरची जात. मी जाहीर केलं की सगळ्या लेकींची नावं मी जमवीन, संगणकावर लिहीन आणि सुबक छापील पुस्तिका करून देईन. दादा म्हणाले, "पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सांजेक माझ्या हातात पुस्तक इला तर नवीन वाचूया. नाय इला तर जुनी वही आसाच." सभा संपली. सुगंधाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, बायकांच्या बाजूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी लग्नानंतर फक्त दोनदाच पाहिली होती.

संगणक मी आदल्या दिवाळीत घेतला होता. मालवणात मितेशचं दुकान आहे. मितेश माझा विद्यार्थी. चौथीत त्याला भागाकार येत नव्हता, आता तो मला ज्ञान देतो. संगणक देताना त्याने एकच गोष्ट तीनदा बजावली होती. "गुरुजी, खारी हवा ही याची दुश्मन. वारा लागू देऊ नका. आतली पट्टी गंजली की खेळ खलास."

आता समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वारा लागणार नाही अशी जागा आणायची कुठून? पडवीत वारा, माजघरात वारा, माडीवर तर उभं राहवत नाही. पण आमच्या घरात एक जागा अशी होती की वाऱ्याने तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं: बाळंतिणीची खोली. बाळंतिणीला वारा लागता कामा नये म्हणून आजोबांनी ती खिडकीशिवाय बांधली होती. जाड चिऱ्याच्या भिंती, वर लाकडी तक्तपोशी, एक बुटकं दार, बस्स. आमच्या घरातला प्रत्येक जीव त्या खोलीत जन्मला. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे खोली रिकामी होती. म्हणजे अगदीच रिकामी नव्हती. वैशाखात सुगंधा तिथे आंब्याची आढी घालते. ऊब हवी, वारा नको, हे आंब्यालाही लागू आहे. एका भिंतीला आढी, समोरच्या भिंतीला टेबल आणि टेबलावर संगणक, अशी आमची वाटणी झाली. उन्हाळ्यात त्या खोलीत घाम येतो, पण त्या खोलीत घाम येतोच. आमच्या आयांनाही आला होता.

लेकींची नावं जमवण्यात पंधरा दिवस गेले. तो एक निराळा पुराणग्रंथ आहे. बाप्यांना आपल्या आत्यांची नावं आठवत नसत. "ती आरोंद्याची" किंवा "ती पावट्यांची आवड असलेली" एवढंच सांगत. शेवटी सुगंधाने घरोघर बायकांना विचारून शहाऐंशी नावं आणली आणि मी लिहायला बसलो.

पहिले तीन दिवस सुखात गेले. चौथ्या दिवशी सहाव्या पिढीपाशी आलो, आणि संगणक फट्‌ म्हणून बंद. पडदा काळा. परत चालू केला, वीस मिनिटांनी परत काळा. मितेशला फोन लावला. त्याने मला फोनवरूनच एक युक्ती सांगून पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आणायला लावला. "तो आकडा म्हणजे आतल्या मेंदूचं तापमान, गुरुजी. पंचाहत्तरला पोचलं की तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. किती दिसतंय?"

"एकाहत्तर. आता बाहत्तर."

"बाप रे," मितेश म्हणाला. चौथीत भागाकार चुकल्यावर मी म्हणत असे तसंच म्हणाला.

ज्यांना वाटेल की फ्लॉपीत घालून मजकूर मालवणला न्यावा आणि तिथल्या थंड संगणकावर काम संपवावं, त्यांना सांगतो, तेही केलं. माझ्या संगणकावरचं मराठी अक्षर दुसऱ्या संगणकाला ओळखता येईना. तिथे आमचा मूळ पुरुष उघडला तर चौकोन, टिंबं आणि एक डॉलरचं चिन्ह निघालं. तेव्हा जे काही व्हायचं ते याच यंत्रावर, याच घरात, आणि पौर्णिमेच्या आत. वीस मिनिटं काम आणि तासभर विश्रांती, त्यात संध्याकाळी सहा ते आठ वाडीला भारनियमन. मी हिशोब मांडला तर पुस्तिका पौर्णिमेनंतर नऊ दिवसांनी निघत होती.

ताप म्हटल्यावर वाडी गप्प बसणं शक्य नव्हतं. पहिला आला शेजारचा धोंडू. हा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. समुद्रात बंद पडलेलं इंजिन त्याने शिव्या देऊन चालू केल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

"किती ताप?"

"बाहत्तर."

"इतकोच? माका गेल्या साली एकशे तीन होतो. तरी मी इंजिन उघडूक गेलंय."

मी त्याला सेल्सिअस आणि फॅरनहाइट समजावून सांगितलं. सवयच. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझो ताप ह्याच्यापेक्षा कमी?" मी म्हटलं, बराच कमी. तेव्हापासून दोन दिवस तो माझ्याशी तुटक वागला.

मितेशच्या सल्ल्याने मी संगणक कुडाळच्या सेवा केंद्रात न्यायचं ठरवलं, कारण अजून हमीची मुदत होती. एसटीत मांडीवर तो लोखंडी डबा घेऊन बसलो. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता चौकशी केली.

"ह्या काय? टीव्ही?"

"संगणक."

"बिघाडलो?"

"ताप येतो त्याला."

"मगे खिडकीकडे धरा मास्तरानू. वारो लागांदे."

मी त्याला म्हटलं की वारा लागलेला याला चालत नाही. त्याने मान हलवली आणि मागे गेला. शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढा अनुभव त्याला असावा.

सेवा केंद्र काचेचं होतं आणि आत इतकं गार की टेबलामागच्या मुलीने, दिव्या तिचं नाव, वैशाखात स्वेटर घातला होता. तिने मला तीन पानी फॉर्म दिला. त्यात सात दिवसांच्या तापमानाचा तक्ता हवा होता. मी पिशवीतून तक्ता काढला. लाल शाईने सकाळ, निळ्या शाईने दुपार, हिरव्या शाईने सरासरी. पंचवीस वर्षं शाळेचा हजेरीपट सांभाळलेला माणूस मी. दिव्या म्हणाली, "छान आहे काका, पण हा आमच्या छापील तक्त्यात हवा, इंग्रजी आकड्यांत, दोन प्रतींत." मी तिथेच बाकावर बसून एकवीस नोंदी दोनदा उतरवल्या. मग त्यांनी संगणक टेबलावर मांडून पाच तास चालवला. तो बेटा पाच तास त्रेचाळीस अंशांवर बसून राहिला, जसा घरी धुमाकूळ घालणारा मुलगा पाहुण्यांकडे गेल्यावर शहाण्यासारखा बसतो. फॉर्मवर शिक्का बसला: दोष आढळला नाही.

निघताना दिव्या हळू आवाजात म्हणाली, "काका, बहुतेक तुमच्या घरीच काहीतरी आहे." मला ते आमच्या घराण्याविषयीचं मत वाटलं आणि मी नमस्कार न करताच निघालो.

पौर्णिमेला पाच दिवस उरले होते. धोंडूचा रुसवा तोवर उतरला होता. त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन हमीचं सील तोडलं ("शिक्को मारून दिल्यानी ना, मगे आता हमी घेवन काय चाटूची?") आणि आत डोकावला. बराच वेळ डोकावला. मग त्याने निदान केलं.

"मास्तरानू, मागचो पंखो उलटो बसवलेलो आसा. वारो भायर टाकता."

"मग?"

"इंजिनाक वारो आत होयो, भायर कशाक? कंपनीवाल्यांचो घोळ."

मला ते पटलं. एकतीस वर्षं शिकवलं तरी माणसाला काय पटेल याचा नेम नाही. धोंडूने मागचा पंखा फिरवला, वर आणखी दोन लहान पंखे कुठून तरी आणून बसवले, तेही आत वारा मारणारे. संगणक आता उभ्या उभ्या उडेल असा आवाज करू लागला. आकडा पाहिला: चौऱ्याहत्तर. धोंडू म्हणाला, "बघा, आता ताकद इली." त्यानंतर दहा मिनिटांत तो बंद पडला, आणि उघडून पाहिलं तर मेंदूवरच्या पंख्यात आढीतलं गवत गुंतलं होतं. सुगंधा दारातून म्हणाली, "माझ्या आंब्यांचा गवत खाता तुमचो संगणक."

आंब्यांविषयी ती हळवी आहे. एकशे वीस हापूस तिने निवडून घातले होते, प्रत्येक माहेरवाशिणीच्या ओटीत एक याप्रमाणे, आणि वर थोडे जास्तीचे. आंबा कुठल्या दिवशी पिकायचा हे आढी घालताना ठरतं, आणि तिचा अंदाज तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा. रोज सकाळी ती गवतात हात घालून चाचपून बघे, आणि त्या वेळी मी श्वास रोखून असे, कारण माझ्या कोपऱ्यातले पंखे तिच्या कोपऱ्यात काय करतायत याची मला थोडी कल्पना येऊ लागली होती.

मग बाबली गुरव आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पण गाऱ्हाणं घालायचं म्हणजे आमंत्रण कशाला? सात-आठ जण गोळा झाले. खोलीत एवढी माणसं मावेनात म्हणून बुटकं दार सताड उघडलं, पडवीचा दरवाजाही उघडला, आणि बाबलीने नारळ हातात घेऊन सुरू केलं, "बा देवी म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान लेकींची नावां लिवूक घेतल्यान आसत. ह्या यंत्राच्या डोक्यात जी काय गरमी चढली आसा ती उतरव, आणि जो कोण आडो इलो आसात तेका दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मी विज्ञान शिकवलं आहे, पण त्या वेळी म्हणालो.

आणि काय सांगू, आकडा उतरला. चौऱ्याहत्तर, सत्तर, सहासष्ट. बाबलीने माझ्याकडे पाहिलं नाही. थोर माणसं पाहत नाहीत. गाऱ्हाणं पाऊण तास चाललं आणि त्या पाऊण तासात मी मागे बसून नववी पिढी पुरी केली. मग सगळ्यांना चहा दिला, माणसं गेली, आणि खारी हवा शिरू नये म्हणून मी दोन्ही दारं घट्ट लावून घेतली. पंधरा मिनिटांत आकडा पंचाहत्तर झाला आणि पडदा काळा. बाबलीला बोलावणं पाठवलं तर त्याने निरोप दिला की देवी एकदाच ऐकते, पुढचं माणसाने बघायचं.

अशा रखडत-धडपडत चौदा पिढ्या टंकून झाल्या, तेव्हा पौर्णिमा एका दिवसावर आली होती. चाळीस पानं छापायची उरली. माझं छपाईयंत्र सुया मारून छापणारं. एका पानाला चार मिनिटं घेतं आणि करवतीसारखं ओरडतं. सलग पावणेतीन तास संगणक जिवंत राहायला हवा होता, आणि मालवणच्या झेरॉक्सवाल्याने सात वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवायचं कबूल केलं होतं. सकाळपासून तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पाचव्या पानावर घराणं बुडालं.

दुपारी दोनला यमुनाबाई आली. ती बंदरावरून मासे आणते. आमच्याकडे तिची पाटी पडवीत उतरते आणि मग तासभर हलत नाही. मी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर डोक्याला हात लावून बसलो होतो. तिने नाक वर केलं.

"वैनी, आंबे पिकले तुझे."

"उद्या पिकतले," सुगंधा आतून म्हणाली.

"उद्या खंय? वास घे. पिकान खतखतले."

सुगंधा धावत आली, गवतात हात घातला, आणि तिचा चेहरा उतरला. एकशे वीस आंबे मऊ. तीस वर्षांचा अंदाज चुकला होता. ती आढीपाशीच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला एकदम कळलं की आमच्या दोघांचं एकाच खोलीत एकाच दिवशी वाटोळं झालं आहे. पुस्तिकेचं दुःख मला होतंच, पण तिने घरोघर हिंडून आणलेली ती शहाऐंशी नावं उद्या वाचली जाणार नाहीत, हे तिला अजून सांगायचं होतं.

यमुनाबाईने पाटी सोडली आणि आत आली. तिने भिंतीला हात लावला, गवतात हात घातला, मग संगणकामागे हात धरला.

"मास्तरानू, आढयेक गरमी सुटता ह्या ठावक आसा ना तुमका?"

ठाऊक होतं. पिकता आंबा गवतात तापतो, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. मला ते फक्त संगणकासमोर बसून आठवलं नव्हतं.

"आंब्याची गरमी ह्या डब्यात, डब्याची गरमी आंब्यात. एकमेकांक शेकत बसले दोघव. आणि ह्या पंख्यातून वारो खंय जाता?"

"आत," मी म्हणालो.

"आणि ह्या?"

"आत."

"आणि मागच्या?"

"तोही आत. धोंडूने फिरवला."

"तीन वाटांनी वारो आत, आणि भायर जावक एकय वाट नाय?" तिने कमरेवर हात ठेवले. "मी बांगडे सुकवतंय. दोन वाटो ठेवतंय. एक वारो येवची, एक जावची. एक बुजवलंय तर बांगडो सुकणा नाय, कुसता. आणि ही खोली तर वारो येव नये म्हणानच बांधलेली! हयसर जल्माक घालूक बरा. काम करूक नाय."

"पण खारी हवा..." मी म्हणालो.

"खाऱ्या हवेत माझी साठ वर्सां गेली. माका गंज इलो?"

कंडक्टर, दिव्या, बाबलीचं उघडं दार, सगळे मला एकच गोष्ट सांगत होते आणि मी दार लावून घेत होतो. लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता. पावणेतीन वाजले होते.

पुढच्या वीस मिनिटांत आमच्या घरातलं सगळं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आलं. उद्याच्या जेवणावळीसाठी माडाच्या झापांचा मांडव घातलाच होता. त्याच्याखाली टेबल, टेबलावर संगणक, उघडा, झाकणाशिवाय. यमुनाबाईने खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून उभं राहून, डबा कसा आडवा ठेवायचा ते दाखवलं. धोंडूने मान खाली घालून मागचा पंखा परत फिरवला, जसा कंपनीवाल्यांनी बसवला होता तसा. पलीकडच्या बाजूला सुगंधाने बांबूच्या तट्ट्यावर आंबे गार व्हायला एकेक सुटे मांडले. मी कळ दाबली. आकडा साठ. पंचावन्न. एकोणपन्नास. सेहेचाळीसवर येऊन तो थांबला आणि तिथेच राहिला. मी इतक्या जोरात ओरडलो की कोंबड्या माडावर चढायला निघाल्या.

छपाई सुरू झाली. कागदाची लांब पट्टी वाऱ्याने उडू लागली, तशी एक टोक धोंडूने धरलं, एक बाबलीने. आणि चारच्या एसटीने माहेरवाशिणी यायला लागल्या. कोणी सावंतवाडीच्या, कोणी देवगडच्या, पिशव्या खाली ठेवायच्या आधीच, "माझा नाव खंय?" म्हणत कागदापाशी. ज्यांना वाचता येत होतं त्या वाचत होत्या, ज्यांना येत नव्हतं त्या बोट ठेवायला लावत होत्या. जास्तीच्या आंब्यांचा रस निघाला, वाट्या फिरल्या, तिसऱ्या पिढीवर रसाचा एक डाग पडला तो अजून आहे.

पावणेसहाला रिक्षातून शेवंतीआते उतरली. काठी टेकत सरळ टेबलाशी आली. मी तिचं पान काढून तिला दाखवलं आणि मोठ्याने वाचलं. आजोबांचं नाव, त्यांचे चार मुलगे, आणि "कन्या शेवंती".

आतेने मान हलवली. मग म्हणाली, "आणि नर्मदा?"

मी सुगंधाकडे पाहिलं. सुगंधाने माझ्याकडे. नर्मदा नावाचं आमच्याकडे कोणी नव्हतं.

"माझी धाकटी भयण," आते म्हणाली. "चार वर्सांची होती. अंगावर देवी इली आणि गेली. तुझ्या बापाशीक पण नीट आठवत नव्हती. ती होती ह्या आता माकाच एकटीक ठावक आसा." थोडं थांबून तिने बुटक्या दाराकडे काठी केली. "त्याच खोलयेत जल्मली. मी दाराभायर बसान रडणा आयकलेला."

छपाईयंत्र ओरडतच होतं. सहाला दहा मिनिटं कमी होती; सहाला वीज जायची. मी छपाई थांबवली, ते पान परत उघडलं आणि आतेच्या नावापुढे लिहिलं: कन्या नर्मदा. घाईत दोनदा लिहावं लागलं. मग ते पान पुन्हा छापायला घातलं आणि त्यामागून उरलेलं एक. शेवटच्या पानाची शेवटची ओळ निघाली, यंत्र थांबलं, आणि मिनिटभरात देवळाच्या आवारातला ध्वनिक्षेपक बंद पडला. वीज गेली होती.

आतेने ते गरम पान हातात घेतलं, दोन्ही नावांवरून एकदा अंगठा फिरवला. मग पुढे वाकून तिने हाताची पाठ त्या उघड्या डब्याला लावली, अगदी पोराच्या कपाळाला लावावी तशी.

"उतरलो रे ताप," ती म्हणाली.

धोंडूने मोटारसायकलवरून पानं मालवणला नेली. साडेआठला पन्नास पुस्तिका गणपतदादांच्या ओट्यावर होत्या. सांज म्हणजे किती वाजेपर्यंत, यावर ते काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्याच घरातल्या चार लेकी शेजारी उभ्या होत्या, तेव्हा त्यांनी नुसता चष्मा मागितला. दुसऱ्या दिवशी कळस चढला, देवीपुढे सत्त्याऐंशी लेकींची नावं वाचली गेली, आणि नर्मदेच्या नावाला शेवंतीआतेने सगळ्यांच्या आधी "होय म्हाराजा" म्हटलं. आंबे आधीच पिकूनही बिघडले नाहीत. सुगंधा म्हणते, ते वाऱ्यामुळे. म्हणजे अंदाज चुकला असं तिने अजून कबूल केलेलं नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ टाकली होती. एवढं झाल्यावर ती टाकणं भाग होतं, जरी तिथे स्वतःचं नाव टाकायचा माझा मूळ बेत होता. "तांत्रिक मार्गदर्शन: यमुनाबाई, मासळी बंदर." ओट्या भरणं चालू असताना ती पाटी घेऊन देवळाच्या पायरीशी आली. मी तिला ती ओळ वाचून दाखवली. तिने पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्या तुमच्या वंशावळीचा पुस्तक ना?"

"होय."

"आणि ह्यात माझा नाव आसा?"

"आहे की. हे काय."

"मगे माझी ओटी खंय आसा?"

गणपतदादांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग माहेरवाशिणींच्या रांगेकडे पाहिलं, आणि त्या तोंडात पान घातलं. शेवंतीआतेने बाजूला सरकून जागा केली. यमुनाबाईने पाटी पायरीवर ठेवली, पदर खोचलेला सोडला आणि रांगेत जाऊन बसली. सुगंधाने तिच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि तट्ट्यावरचा सगळ्यात मोठा आंबा घातला. त्या दिवसापासून दर वर्षी आमच्या देवळात, हयात नसलेल्या लेकींच्या नावाने देवीपुढे ठेवायच्या धरून, अठ्ठ्याऐंशी ओट्या भरतात, आणि अठ्ठ्याऐंशीवी माहेरवाशीण ओटी घेतल्यावर आमच्या घरी येऊन, संगणक खळ्याकडच्या उघड्या पडवीतच आहे ना, हे बघून जाते.